आधी विवेक बुडतो, मग तोल!

पुण्याच्या कल्याणीनगर भागात 19 मे 2024 रोजी, रविवारी, पहाटे अडीचच्या सुमारास एका भरधाव परदेशी मोटारीने दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. एक तरुण आणि एक तरुणी. दोघेही मध्य प्रदेशातून पोटासाठी या शहरात आलेले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता व मद्यपान करून तो चाकामागे बसला होता, असा पोलिसांचा आरोप आहे. अपघातानंतर काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्यास जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. त्या तीनशे शब्दांनी सारा देश खवळून उठला. पुढे ससून रुग्णालयातील डॉक्टरांना, रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून, अटक झाली आणि पुणेकरांच्या संतापास लाजेची जोड मिळाली.

या प्रकरणाची जेवढी चर्चा पुण्यात झाली तेवढी अलीकडच्या काळात क्वचितच कशाची झाली असेल. मोटारीची किंमत, बापाची श्रीमंती, पोलिसांची तत्परता व नंतरची दिरंगाई, मंडळाचा निबंध, डॉक्टरांची करणी या सर्वांचा कीस कट्ट्याकट्ट्यावर पडला. न्यायालयापुढे जे आहे ते न्यायालयाने ठरवावे. त्यात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या सगळ्या कोलाहलात एक साधा प्रश्न मागे पडला, तो असा की, पेल्यातील द्रव पोटात गेल्यापासून हात चाकावर पडेपर्यंत माणसाच्या शरीरात, आणि विशेषतः त्याच्या डोक्यात, नेमके काय घडते? हा प्रश्न डॉक्टरांपुरता मर्यादित नाही. कायदा कसा असावा, पोलिसांनी केव्हा काय करावे, बापाने मुलास किल्ली द्यावी की न द्यावी, या सर्वांची उत्तरे त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रथम थोडे गणित करू. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी आदी कडक मद्यांत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः 42.8 टक्के असते. म्हणजे 30 मिलिलिटरच्या एका लहान पेगात सुमारे 10 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने दर 100 मिलिलिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क उतरतो. स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी व वजनही बहुधा कमी, त्यामुळे पंचावन्न किलोच्या स्त्रीच्या रक्तात तोच पेग तीस मिलिग्रॅमची रेषा गाठू शकतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने घालून दिलेली मर्यादा नेमकी 30 मिलिग्रॅमचीच आहे. इंग्लंडात ती 80 आहे. आपला कायदा त्या मानाने कडक आहे, हे त्याचे भूषणच होय.

आता बिअरकडे वळू. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य सुशिक्षित घरांतून हल्ली इतक्या सहजपणे ऐकू येते की, त्याचा खोटेपणा कोणाच्या ध्यानीही येत नाही. आठ टक्क्यांच्या कडक बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली घेतली तर तिच्यात सुमारे 41 ग्रॅम मद्यार्क भरतो. म्हणजे ज्या गृहस्थास चार पेग चढविलेला मित्र दिसताच त्याच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यावीशी वाटते, तोच गृहस्थ एक बाटली बिअर पिऊन स्वतः गाडी हाकीत घरी जातो, व आपण काही प्यायलो असे त्यास वाटतही नाही! वास्तविक त्याच्या रक्तात कायद्याच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक मद्यार्क त्या वेळी खेळत असतो.

हा मद्यार्क पचावा लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बहुतेक सारा लहान आतड्यातून तो थेट रक्तात शिरतो. पोट रिकामे असेल तर लवकर, जेवण झालेले असेल तर सावकाश; पण शिरतो तो सगळाच. पिण्याबरोबर चकली-शेंगदाणे खाल्ल्याने दारू ‘मरते’ हा समज म्हणजे केवळ वेळेचा खेळ आहे. बाहेर जाण्याची वाट मात्र एकच आणि अरुंद. श्वास, घाम व लघवी यांवाटे अगदी अल्प अंश जातो. उरलेला सारा यकृतास जाळावा लागतो, आणि यकृताचा वेग घड्याळाप्रमाणे ठरलेला असतो. तासाला रक्तातले पंधरा मिलिग्रॅम, फार तर वीस. कडक कॉफी, लिंबूपाणी, डोक्यावर गार पाण्याची घागर, ओकारी काढणे, यांपैकी कशानेही यकृत घाई करीत नाही. कॉफीने फार तर झिंगलेल्या माणसाचा जागा असलेला झिंगलेला माणूस होतो.

आणि मेंदू? मद्यार्काचा रेणू इतका लहान व पाण्यात-चरबीत सारखाच विरघळणारा आहे की, मेंदूभोवतीची जी तटबंदी इतर अनेक विषांना थोपविते ती त्यास अडवू शकत नाही. काही मिनिटांत तो आत पोहोचतो. मेंदूच्या पेशींना परस्परांशी बोलण्यासाठी जी रसायने लागतात त्यांपैकी ‘गाबा’ नावाचे रसायन आवर घालणारे, तर ‘ग्लुटामेट’ हे चेतविणारे. मद्यार्क पहिल्याचा जोर वाढवितो आणि दुसऱ्याचा कमी करतो. म्हणजे दारू ही मुळात उत्तेजक नव्हेच, ती मंदावणारी आहे. मग पिणारा सुरुवातीस अधिक उत्साही, अधिक बोलका, अधिक धीट का दिसतो? तर सर्वांत आधी मंदावतो तो मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याचे काम ‘थांब, हे करू नकोस’ असे सांगण्याचे आहे. लगाम सैल झाला म्हणजे घोडा जोरकस वाटतो, एवढेच. त्याच वेळी ‘डोपामिन’ या रसायनाची लाट येऊन मनास सुख वाटू लागते आणि त्या सुखास माणूस आत्मविश्वास समजतो.

कल्याणीनगरचे काय किंवा दर शनिवारच्या रात्री शहरात कोठे ना कोठे घडणाऱ्या बारीकसारीक अपघातांचे काय, सारे मर्म येथे आहे. मद्यार्काच्या आक्रमणास एक क्रम असतो. आधी विवेक व स्वतःच्या शक्तीचा अंदाज जातो. मग लहान मेंदू सापडतो. पाय अडखळतो, जीभ जड होते, ब्रेकवर पाऊल पडण्यास उशीर लागू लागतो. मात्रा आणखी वाढली की, आठवणी नोंदविणारे केंद्र बंद पडते. माणूस चालतो, बोलतो, गाडीसुद्धा चालवितो, पण सकाळी त्यास त्यातील अक्षरही आठवत नाही. शेवटी श्वासोच्छ्वासाचे केंद्र. तेथे पोहोचल्यावर पुढचे सांगावयास नको. या क्रमातील पहिली पायरी सर्वांत घातक आहे, कारण त्या पायरीवर माणसाचा तोल शाबूत असतो, तो सरळ रेषेत चालून दाखवू शकतो. फक्त आपण गाडी चालवावी की नाही हे ठरविणारा त्याच्या डोक्यातील पंच मैदान सोडून गेलेला असतो. ‘मला काही चढलेली नाही’ हे वाक्य ज्या अवयवाने बोलावयाचे तोच अवयव आधी बुडालेला असल्याने त्या वाक्यास पुरावा म्हणून कवडीचीही किंमत नाही. ज्यास प्यावयाचे त्याने घरी परतण्याची व्यवस्था पहिला घोट घेण्यापूर्वीच करून ठेविली पाहिजे.

वर्तनाच्या बाबतीत हीच गोष्ट घरात अधिक क्रूरपणे दिसते. नवऱ्याने पिऊन मारझोड केली तर ‘तो शुद्धीत नव्हता हो, एरवी देवमाणूस आहे’ असे सासू सांगते, शेजारी सांगतात आणि पुष्कळदा खुद्द मार खाणारीही सांगते. पण हा ‘शुद्धीत नसलेला’ माणूस आपल्या वरिष्ठास किंवा चौकातल्या हवालदारास सहसा मारीत नाही. तो मारतो ते जिच्याकडून उलट फटका येणार नाही अशा व्यक्तीस! दारूने आवर सैल होतो हे खरे. परंतु आवरलेले काय होते, याची जबाबदारी बाटलीवर टाकता येत नाही. कायदाही हेच सांगतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेने सांगितले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही 23 व 24 या कलमांत तेच राखले, की नशा इच्छेविरुद्ध अथवा नकळत कोणी करविली असेल तर गोष्ट वेगळी. स्वखुशीने प्यालेल्यास मात्र आपण काय करीत आहो याची जाणीव होती असेच धरून कायदा चालतो.

आता वयाचा प्रश्न. मेंदूचा जो कपाळामागचा भाग दारू आधी गाठते, तोच माणसात सर्वांत उशिरा पक्व होतो. विशीच्या मध्यापर्यंत त्याची घडण चालू असते. सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीस इंजिन पूर्ण ताकदीचे आणि ब्रेक अर्धवट जोडलेले, अशी निसर्गाचीच रचना आहे. त्यात दारू घातली म्हणजे अर्धे ब्रेकही गेले. शिवाय कोवळ्या वयात दारूने येणारी गुंगी व अडखळणे तुलनेने कमी जाणवते, त्यामुळे ‘आता पुरे’ ही शरीराची सूचना उशिरा मिळते. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पंधरा वर्षांच्या आत पिण्यास सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक पुढे कधी ना कधी व्यसनाच्या आहारी गेल्याचे आढळले. विशी ओलांडल्यावर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास होते. यात घरचे वळण, परिस्थिती व आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, हे मान्य. तरीही महाराष्ट्राने कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची जी वयोमर्यादा ठेविली आहे तिची टिंगल करणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. ही मर्यादा जुनाट नाही; मेंदूविज्ञान तिच्यापाशी मागाहून येऊन पोहोचले आहे. दुर्दैव इतकेच की, ती कायद्याच्या पुस्तकात आहे आणि मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर येथील दारांवर ती विचारणारा माणूस अपवादानेच भेटतो. कल्याणीनगरच्या प्रकरणात, अल्पवयीनांस मद्य दिल्याच्या आरोपाखाली मद्यगृहांशी संबंधित मंडळींनाही अटक झाली. तेथे त्या रात्री कोणी वय विचारले असते तर? पण हा ‘तर’ आता दोन कुटुंबांच्या काही कामाचा नाही.

वरच्या गणितातून आणखी एक गोष्ट निघते व ती पोलीस खात्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. रक्तातील मद्यार्क तासाला पंधरा मिलिग्रॅम या वेगाने जळतो, तर आठ तासांत 120 मिलिग्रॅम जळून जातात. याचा अर्थ, कायद्याच्या मर्यादेच्या चौपट दारू अंगात असलेल्या माणसाने अपघात केला आणि त्याचे रक्त आठ तासांनी काढले, तर नमुना कोणी बदलो वा न बदलो, अहवाल निष्कलंक येण्याचा पुरा संभव आहे! यकृताने तो पुरावा इमानेइतबारे नष्ट केलेला असतो. मोटार वाहन कायद्याचे 202 वे कलम हे ओळखून आहे. 185 व्या कलमाखाली अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, असे ते स्पष्ट सांगते. कल्याणीनगरचा अपघात अपरात्री घडला आणि रक्त घेतले गेले ते सकाळ चांगली वर आल्यावर. नमुना बदलल्याच्या आरोपाने जो गहजब झाला त्यात हा आधीचा विलंब झाकला गेला. आमच्या मते तो तितकाच गंभीर आहे. लाच देऊन पुरावा बदलण्यास हिंमत लागते, ओळखी लागतात. नुसते स्वस्थ बसून पुरावा विरू देण्यास काहीच लागत नाही, आणि म्हणूनच या दुसऱ्या मार्गाचा धोका मोठा आहे.

हे झाले एका रात्रीचे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीराची कथा निराळी व अधिक मूक आहे. यकृतात आधी चरबी साठते. दुखत-खुपत काही नाही. या टप्प्यावर पिणे थांबविले तर यकृत बहुधा पूर्ववत होते, इतका तो अवयव दिलदार आहे. न थांबविले तर दाह होतो, व्रण पडतात आणि एके दिवशी पोटात पाणी होऊन वा रक्ताची उलटी होऊनच घरच्यांस कळते की, यकृत दगडासारखे झाले आहे. रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात. ‘ब’ जीवनसत्त्वांपैकी थायमिनची उणीव होऊन काहींची स्मृती अशी जाते की, सकाळी भेटलेला मुलगा त्यांस दुपारी आठवत नाही आणि त्या रिकाम्या जागा ते बिनदिक्कत काल्पनिक हकिगतींनी भरून काढतात. दारू हे कर्करोगाचे निश्चित कारण आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच जाहीर केले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, ही त्याची स्थाने. ‘रोज थोडी घेतली तर हृदयास चांगली’ हा सुशिक्षितांचा लाडका आधारही आता उरलेला नाही. आरोग्यास निर्धोक ठरेल अशी मद्याची कोणतीच मात्रा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. त्याच संघटनेच्या 2024 सालच्या अहवालानुसार 2019 या एका वर्षात जगात दारूपायी 26 लाख माणसे मेली.

पुणे शहरास हा वाद नवा नाही. महात्मा जोतीराव फुले हे पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, 1880 साली, शहरात दारूची दुकाने वाढत चालल्याबद्दल त्यांनी लेखी हरकत घेतली होती. पुढे 1908 च्या वसंतात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यांपुढे शांतपणे उभे राहून गिऱ्हाइकांस परत फिरण्याची विनवणी करू लागले, तेव्हा सरकारने खटले भरले ते गुत्तेवाल्यांवर नव्हे, स्वयंसेवकांवर! शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांच्यासारखा इंग्रज गृहस्थही या कामी लोकांच्या बाजूस होता. ज्यांचे एरवी कशातही पटले नसते अशा दोन परंपरा या एका प्रश्नावर एकाच बाजूस सापडतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते 1919 साली, गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांनी. त्यातील सुधाकर हा अडाणी मजूर नाही, बुद्धिमान वकील आहे, आणि मानभंग विसरण्यासाठी त्याने घेतलेल्या प्याल्याची ती गोष्ट आहे. आपला वर्ग शंभर वर्षे त्या नाटकास टाळ्या देत आला. परंतु तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाची शाखा आपल्याच सोसायटीच्या गच्चीवर दर शनिवारी भरते, हे त्यास दिसले नाही.

मग संपूर्ण दारूबंदी हाच उपाय काय? तोही प्रयोग आपण करून पाहिला आहे. 1949 सालचा मुंबई दारूबंदी कायदा मोरारजीभाईंच्या काळात कडकपणे अमलात आला आणि पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाला. दुकानांवरील ‘परमिट रूम’ ही पाटी त्या कायद्याचे आजवर उरलेले अवशेष आहे. कायद्याने पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो, ही गोष्ट तेथे बसलेल्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? बंदीच्या काळात हातभट्ट्या पेटल्या आणि हप्त्यांची पद्धत रुजली हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट, बंदी उठली म्हणून विषारी दारू थांबली असेही नाही. मुंबईत 2004 साली विक्रोळीस आणि 2015 साली मालवणीस मिथेनॉल मिसळलेल्या दारूने गरिबांचे मुडदे पाडले, ते सरकारमान्य दुकाने उघडी असतानाच. मालवणीत तर मृतांचा आकडा शंभरावर गेला. बंदीने सर्व साधते असे आम्ही म्हणत नाही व बंदी फसली म्हणून सारे मोकळे सोडावे, हेही आम्हांस मान्य नाही. या दोहोंच्या मध्ये करण्याजोगे पुष्कळ आहे आणि तेच होत नाही.

व्यसनमुक्तीचेच पाहा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्य पितात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांस त्यापायी उपचाराची वा मदतीची गरज आहे. इतक्यांस उपचार कोठे मिळणार? ते न मिळाल्याने घरोघरच्या स्त्रिया भिंतीवरच्या जाहिराती वाचतात: ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’. कोणती तरी पूड वा गोळी आमटीत, चहात कालवून नवऱ्यास दिली जाते. अशा औषधांत डायसल्फिरॅम असण्याचा संभव असतो. हे औषध यकृतातील मद्यार्क जाळण्याची क्रिया अर्ध्यावर अडविते. मग दारू पोटात गेली की, ॲसिटाल्डिहाइड नावाचे विष रक्तात साठते, तोंड लाल होते, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या पूर्ण संमतीने ते उपयुक्त आहे. चोरून दिले तर प्राणघातक ठरू शकते. या भगिनींचा हेतू शुद्ध असतो, त्यांच्या हतबलतेवर दुकान मांडणाऱ्यांचा नसतो. अशा जाहिराती छापण्याचे व भिंतींवर रंगविण्याचे आधी बंद झाले पाहिजे.

तसेच दुसऱ्या टोकाचे. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने वडीलधाऱ्यांच्या शपथेखातर एका दिवसात दारू तोडली, तर घरचे पेढे वाटतात. पण सतत दबलेला मेंदू तो दाब एकाएकी उठताच उसळी घेतो. हात कापतात, झोप उडते, आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींस भास होऊ लागतात, अंगावर किडे चढताना दिसतात, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. लोक म्हणतात, ‘दारू सोडली म्हणून मेला’. तो सोडल्याने मरत नाही, डॉक्टरांवाचून सोडल्याने मरतो. रोज पिणाऱ्याने सोडावे, अवश्य सोडावे. परंतु वैद्यकीय मदत घेऊन सोडावे, हे प्रत्येक घरात माहीत असणे अगत्याचे आहे.

याच शहरात येरवड्यास डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचे पाठबळ त्यास लाभले. प्रारंभी गर्दच्या व्यसनासाठी निघालेल्या त्या संस्थेत पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. व्यसनी माणूस हा पापी अथवा नादान नसून आजारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याची बायको-मुलेही आजारी पडलेली असतात, ही दृष्टी मुक्तांगणाने महाराष्ट्रास दिली. डॉ. अनिल अवचट यांचे निधन 27 जानेवारी 2022 रोजी झाले. योगायोग असा की, त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला! पुढे लोकांच्या विरोधाने तो बारगळला. पण सरकारचा ओढा कोणीकडे आहे ते त्या दिवशी दिसले.

आणि तो ओढा तिजोरीकडे आहे. जून 2025 मध्ये राज्य सरकारने विदेशी बनावटीच्या मद्यावरील उत्पादन शुल्क उत्पादनमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि एकूण करवाढीतून वर्षाकाठी 14 हजार कोटी रुपयांची भर पडावी अशी अपेक्षा सांगितली. दारू महाग करण्यास आमचा विरोध नाही. महागाईने पिणे काही अंशी घटते, याचा जगभर अनुभव आहे. परंतु बाटलीबाटलीत सरकारचा इतका मोठा हिस्सा असताना त्या पैशांतला किती अंश ज्यांची यकृते व ज्यांचे संसार त्यात होरपळले त्यांच्याकडे परत जातो, हे विचारण्याचा अधिकार नागरिकास आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राखीव खाटा आणि मानसोपचारतज्ज्ञ का असू नयेत? सरकारला भागीदाराचा नफा हवा असेल तर त्याने भागीदाराचा खर्चही उचलावा.

पुण्यापुरते आमचे म्हणणे असे. अपघात गंभीर असेल तेव्हा चालकाचे रक्त दोन तासांच्या आत घेतलेच पाहिजे. न घेतल्यास त्याचा जाब ठाण्याच्या अंमलदारास लेखी द्यावा लागेल, असा आदेश पोलीस आयुक्तांनी काढावा. नमुन्यावर वेळ, घेणाऱ्याची सही व दुसऱ्या साक्षीदाराची सही असावी, आणि जुळ्या नमुन्यांपैकी एक निराळ्या प्रयोगशाळेत जावा. मद्यगृहाच्या दारातच वय तपासले जावे. तपासणी न करणाऱ्याचा परवाना चार दिवस निलंबित करून पाचव्या दिवशी परत देण्याचा जो खेळ चालतो तो बंद व्हावा. महानगरपालिका आणि पी.एम.पी. यांनी शुक्रवार-शनिवारच्या रात्री उशिरापर्यंत बसगाड्या सोडाव्यात. ज्यास प्यावयाचे आहे त्यास गाडी घरी ठेवून येण्याची सोय असली पाहिजे. यात दारूस उत्तेजन मिळते असे कोणास वाटेल. आम्हांस त्यात रस्त्यावरून पायी जाणाऱ्याचे संरक्षण दिसते.

राहिले पालक. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या 199-अ या कलमाने 2019 पासून केलेली आहे. बारावीचा निकाल लागला की, ‘जा, मजा कर’ म्हणून मुलाच्या हाती किल्ली आणि खिशात पैसे देणाऱ्या सद्गृहस्थांनी हे कलम एकदा वाचावे. आणि मुलगा रात्री दोन वाजता परतला, तर त्याला रागे भरण्यापूर्वी तो कशाने परतला हे पाहावे. मित्राच्या गाडीवर मागे बसून आला असेल, तर तो मित्र काय पिऊन आला होता, हेही विचारावे.